ऐकेल त्याने पोचवावा

“तुला कधी कुणी निरोप पाठवलाय का?”

प्रश्न यास्नाच्या तोंडून बाहेर पडला आणि खिडकीच्या त्या बाजूला लाल पेन्सिल वहीवर थांबली. यास्नाने मागे वळून पाहिलं नाही. रस्त्यापलीकडे, बेकरीच्या वळचणीखाली तिच्या मैत्रिणी मारिबेल आणि ओदेत एकमेकींना चिमटे काढत उभ्या असणार, हे तिला न पाहताही माहीत होतं. पैज त्यांचीच होती. गेल्या महिन्यात शाळेच्या सभागृहात यास्नाने स्वतःच्या कादंबरीचं पहिलं प्रकरण सगळ्यांसमोर वाचलं, टाळ्या घेतल्या, आणि तेव्हापासून ‘मी आता कुणाला घाबरत नाही’ हे वाक्य ती दिवसातून चारदा म्हणायला लागली.

“मग जा की,” मारिबेल म्हणाली होती. “रेडिओवाल्या दामासोला विचारून ये. सगळ्या बेटांचे निरोप वाचतो, त्याला स्वतःला कुणी पाठवतं का, म्हणावं.”

आणि आता यास्ना खिडकीशी उभी होती, रेनकोटाच्या टोपीवरून पाणी नाकावर टपकत होतं, आणि दामासो चिगुआय तिच्याकडे बघत होता.

सतरा वर्षांचा. शाळेत तिच्या एक वर्ग पुढे. रोज संध्याकाळी सहाला आणि रविवारी दुपारी एकला त्याचा आवाज अचाओ गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात, आणि समोरच्या एकूण एक बेटावर ऐकू यायचा. बेटांवर टेलिफोन नव्हते. कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाला मुलगी झाली, कुणाची लाँच चुकली – सगळं चिठ्ठीवर लिहून या खिडकीत द्यायचं आणि दामासोने ते वाचायचं. जन्म असो, मयत असो, आवाज एकाच पट्टीत. आणि प्रत्येक निरोपाच्या शेवटी तेच वाक्य – ‘ऐकेल त्याने पोचवावा.’ कारण ज्याच्यासाठी निरोप, त्याच्याकडे रेडिओ चालू असेलच असं नाही. मग ज्याने ऐकला त्याने चिखल तुडवत जायचं आणि सांगून यायचं. असा इथला रिवाज.

“निरोप द्यायचाय,” दामासोने विचारलं, “की चौकशी आहे?”

“चौकशी.”

“कोणाच्या वतीने? बेकरीखालच्या त्या दोघींच्या?”

यास्नाचे कान तापले. पण ती हलली नाही. “माझ्या वतीने. मी कादंबरी लिहितेय. मला अशा गोष्टी माहीत असाव्या लागतात.”

“कसली कादंबरी?”

“प्रेमाची.”

“अनुभव आहे?”

“वाचन आहे.”

तो हसला – आवाज न करता, फक्त खांदे हलले. मग पेन्सिल कानामागे खोचून म्हणाला, “नाही पाठवलाय. वाचणाऱ्याला कोण पाठवणार? ... किती झाली लिहून?”

“एक्केचाळीस पानं. नायिका किनाऱ्यावर उभी आहे. तीन आठवडे झाले, उभीच आहे.”

“कशासाठी?”

“तेच तर मला कळत नाहीये.”

पाऊस पत्र्यावर वाजत राहिला. दामासोने मान वळवून मागच्या खोलीकडे पाहिलं. “आत जुन्या वह्या आहेत. चाळीस वर्षांचे निरोप, ताताच्या अक्षरात. तो रोज सकाळी चूल पेटवायला चार पानं फाडतो. तुला काही सापडलं तर बघ... चुलीच्या आधी.”

ताता म्हणजे त्याचे आजोबा. हे रेडिओ केंद्र त्यांनीच सुरू केलं, आणि कान जाईपर्यंत त्यांनीच वाचलं.

“कधी येऊ?” यास्नाने विचारलं.

“मंगळवारी ये. आणि त्या दोघींना सांग, चिमटे कमी काढा म्हणावं. इथून दिसतंय.”

*

मागच्या खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यातून फक्त धुकं दिसायचं. लोखंडी चुलीभोवती लाकडं वाळत घातलेली, कोपऱ्यात वह्यांचे ढीग, वरच्या वह्यांना बुरशीचा आणि धुराचा वास. यास्ना जमिनीवर मेंढीच्या कातड्यावर बसायची. दामासो स्टुलावर, गुडघ्यावर येर्बाच्या कडू चहाचा तुंबा. दोन घोट तो नळीने ओढायचा, मग तुंबा पुन्हा भरून तिच्याकडे. तुंबा देताना बोटाला बोट लागायचं. दोघंही त्याबद्दल काही बोलत नसत... पण तिसऱ्या मंगळवारी यास्नाच्या लक्षात आलं, की पूर्वी आपल्याला येर्बा मुळीच आवडत नसे.

वह्यांमधली माणसं तिला सोडेनात. प्रत्येक निरोप दोन-तीन ओळींचा, आणि वाचून झाला की शेजारी लाल पेन्सिलीची खूण. ‘मुलगी झाली. दोघी बऱ्या. डोळे सासूचे आहेत, आधीच सांगून ठेवते.’ ‘मंगळवारच्या लाँचने येतो. किनाऱ्यावर घोडा आणून ठेवावा.’ ‘मी अजून रागातच आहे. पण बैलाला पाणी पाज. – बायको.’

“ही बायको,” यास्ना म्हणाली, “मी पूर्ण घेणार आहे. दुसऱ्या प्रकरणात.”

“तिला विचारून?”

“दामासो, मी लेखिका आहे.”

“हो का. मला वाटलं तू ताताच्या वह्यांतून चोरतेयस.”

तिने त्याला लाकडाची ढलपी फेकून मारली. त्याने ती झेलली आणि – चुलीत टाकायची सोडून – खिशात घातली. यास्नाने पाहिलं. पाहिलं नाही असं दाखवून पान उलटलं.

त्याच पानावर तिला बेलार्मीनो भेटला.

‘केनिआओ बेटावरच्या एतेल्विना नाविन हिला : मेंढरांची कातरणी सुरू झाली. वारा फार. तू विणलेला मफलर वाऱ्याने नेला, मी मागे धावलो आणि आणला. सगळे हसले. – बेलार्मीनो.’

तो तिकडे दक्षिणेला, पुंता अरेनासच्या बाजूला, मेंढवाड्यांवर कामाला गेला होता. इथले निम्मे पुरुष जात, अजूनही जातात. तिथून तारेने निरोप पाठवायचा आणि ताता तो वहीत उतरवून वाचायचे. दर पंधरा दिवसांनी एक. तेहतीस वर्षांपूर्वीचे. ‘इथे रात्री इतक्या थंड की भाकरी कुऱ्हाडीने तोडतो.’ ‘एतेल्विना, तुझ्या बटाट्यांना फूल आलं का.’ एकाही निरोपात प्रेम हा शब्द नव्हता. असणार कसा... सगळी बेटं ऐकत होती. पण यास्ना वाचताना मधेच थांबायची आणि तुंबा हातात तसाच गार व्हायचा.

“माझ्या नायिकेला कळलं ती कशासाठी उभी आहे,” ती हळूच म्हणाली.

“कशासाठी?”

“असल्या माणसासाठी.”

दामासोने चुलीत लाकूड घातलं. आधीच पुरेसं होतं.

आणि एक गोष्ट होती, जिच्याबद्दल त्या खोलीत दोघंही गप्प होते. यास्नाच्या बाबांना पुंता अरेनासला कायमचं काम मिळालं होतं. एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी, अठ्ठावीसला, तिघं निघणार होती – लाँचने मोठ्या बेटावर, तिथून बसने दोन दिवस. घरात रोज भांडण. यास्ना म्हणायची, मी येणार नाही, मला कादंबरी इथेच पुरी करायचीय. आई म्हणायची, येशील. बाबा काहीच न म्हणता खोकी बांधत राहायचे. गावात हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. बेकरीवाली ब्रेड देताना निरोप घ्यायला लागली होती. म्हणून यास्नाने दामासोला वेगळं सांगितलं नाही. त्याला कळलंच असणार. आणि कळूनही तो काही बोलत नाही... म्हणजे त्याला काही बोलायचंच नसणार.

*

शेवटचा निरोप तिला गुरुवारी सापडला. निरोपावर तारीख बावीस एप्रिल.

‘एतेल्विना नाविन हिला : इथे कायमचं काम मिळालं. राहायला घर देतायत. खिडकी एकच आहे, पण समुद्राकडे. येशील का. तीस एप्रिलपर्यंत हो कळवलंस तर न्यायला येतो. उत्तर आलं नाही तर समजेन. – बेलार्मीनो.’

शेजारी लाल खूण. एक नाही, दोन. म्हणजे दोनदा वाचलेला.

यास्नाने पुढची पानं उलटली. मे, जून, जुलै. बैल, लाँच, दवाखाना, मयत. एतेल्विनाचं उत्तर कुठेच नव्हतं. बेलार्मीनोही परत आला नाही, त्या वहीत नाही आणि पुढच्या वहीतही नाही.

“माझ्या कादंबरीत ती हो म्हणते,” यास्ना म्हणाली. तिचा आवाज जरा जास्तच मोठा निघाला. “निरोप ऐकते, आणि धावत किनाऱ्यावर जाते. बस. हाच शेवट.”

“आणि खरं काय झालं?”

खरं काय झालं ते विचारायला दोघं ताताकडे गेले. ते खिडकीशी बटाटे सोलत बसले होते. दामासोने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन निरोप वाचला. तातांनी सुरी खाली ठेवली.

“वाचला होता मी. दोनदा वाचला. केनिआओवर तेव्हा अकरा घरांत रेडिओ होते.” त्यांनी बटाट्याची सालं एका बाजूला सारली. “मी आठ दिवस चिठ्ठीची वाट पाहिली. मग म्हटलं, नको असेल तिला. बायकांना नकोही असतं.”

“ती आहे अजून?” यास्नाने विचारलं.

“आहे. देवळाच्या वरच्या अंगाला. एकटी असते.”

बाहेर पडल्यावर यास्ना वळचणीखाली थांबली. “शनिवारी लाँच आहे ना केनिआओला?”

“आहे. का?”

“ऐकेल त्याने पोचवावा. मग वाचेल त्याने का नाही?”

“यास्ना, तेहतीस वर्षं झाली.”

“मग अजून उशीर कशाला करायचा,” ती म्हणाली. तिच्या डोक्यात तेव्हा खरं तर कादंबरीच होती. एक्केचाळीस पानांची नायिका, आणि तिला द्यायचा एक सुखाचा शेवट. तिला वाटत होतं आपण तो घेऊन निघालोय.

*

शनिवारी समुद्र राखेच्या रंगाचा होता. लाँचमध्ये पिठाची पोती, दोन कोंबड्या आणि तीन बायका. त्या बायकांनी यास्नाला आधी विचारलं, सोमवारी जाणार ना गं, आणि मग दामासोकडे बघून एकमेकींकडे पाहिलं. धुकं इतकं की किनारा आला ते कुत्रं भुंकल्यावर कळलं.

एतेल्विना नाविन शेतात होती. साठीच्या जवळची, ताठ, पायांत गुडघाभर रबरी बूट. यास्नाने मनात एक वाळलेली, रडक्या डोळ्यांची बाई तयार ठेवली होती. ही बाई त्यांच्याकडे बघून म्हणाली, “उभे काय राहिलात, ती पाटी घ्या. पाऊस वाढायच्या आत बटाटे आत गेले पाहिजेत.”

बटाटे आत गेले. चुलीवर किटली चढली. बटाट्याच्या किसाचे जाड मिल्काओ तव्यावर तडतडायला लागले. यास्नाने तीन वेळा तोंड उघडलं आणि तीन वेळा मिटलं. नुकताच मिळालेला सगळा धीटपणा बहुतेक लाँचमध्येच राहिला होता.

शेवटी दामासो म्हणाला, “एतेल्विनाबाई, तुमच्यासाठी निरोप आहे. आमच्या रेडिओवरचा. जरा... जुना आहे.”

“बेलार्मीनोचा,” ती म्हणाली. मिल्काओ उलटायला ती थांबली नाही.

“तुम्हाला पोचला होता?”

“पोचला. एका वर्षाने.” तिने तव्यावरून एक उचलून यास्नाच्या ताटलीत टाकला. “आमचा रेडिओ बॅटरीवर चालायचा. बॅटरी उतरली की लाँचने अचाओला भरायला पाठवायची. त्या आठवड्यात माझी बॅटरी तुझ्या आजोबांच्या शेडमध्ये होती, पोरा. त्याने निरोप वाचला तेव्हा त्याच्या पायाशीच असेल.”

दामासोने मान खाली घातली.

“पण बाकी दहा घरांनी ऐकला असेल ना?” यास्ना म्हणाली. “रिवाज आहे –”

“सगळ्यांनी ऐकला. ऐकूनच तर घोळ झाला. गाय व्यायली, आई आजारी, असा निरोप असता तर दहाच्या दहा जण पळत आले असते. पण हा असला... गोड निरोप. प्रत्येकीला वाटलं, हिच्या शेजारणीने सांगितलं असेल. शेजारणीला वाटलं, हिच्या मावशीने सांगितलं असेल. मावशीला वाटलं, हा निरोप हिने स्वतः नाही ऐकला असं होईलच कसं. रविवारी देवळात सगळ्या माझ्याकडे बघून हसत होत्या. मला वाटलं, माझी नवी ओढणी आवडली.”

ती स्वतःशीच थोडं हसली.

“पुढच्या वर्षी बटाटे काढताना एकीशी वाजलं. ती म्हणाली, दगड आहेस तू, त्या बिचाऱ्याला उत्तरसुद्धा दिलं नाहीस. तेव्हा कळलं. तोवर तिकडे त्याचं लग्न झालं होतं.”

किटली उकळायला लागली होती. कुणी उठलं नाही.

“वाच की,” एतेल्विना म्हणाली.

“काय?”

“निरोप. मला लोकांनी सांगितला तो आपापल्या शब्दांत. त्याच्या शब्दांत मी ऐकलाच नाही. वाच, जसा रेडिओवर वाचतोस तसा.”

दामासोने खिशातून कागद काढला. त्याच्याबरोबर ती लाकडाची ढलपीही बाहेर आली. त्याने ती घाईने आत कोंबली. उभा राहिला. आणि त्याच एका पट्टीतल्या आवाजात वाचलं... घर, खिडकी, समुद्र, तीस एप्रिल, उत्तर आलं नाही तर समजेन. ‘ऐकेल त्याने पोचवावा’ म्हणताना त्याने यास्नाकडे पाहिलं, आणि यास्नाने ताटलीकडे.

एतेल्विनाने तव्यावरचा शेवटचा मिल्काओ उतरवला. “खिडकीचं मला कुणीच सांगितलं नव्हतं,” ती म्हणाली. मग, “तारीख काय म्हणालास?”

“तीस एप्रिल.”

“आज?”

“सव्वीस.”

“मग चार दिवस आहेत अजून,” ती म्हणाली आणि किटली उतरवायला उठली. तिला हसू आलं होतं. त्या दोघांना आलं नाही.

निघताना तिने यास्नाला दारात थांबवलं. “तू पुस्तक लिहितेयस म्हणे. लाँचवाला सांगत होता. मी आहे त्यात?”

“आहात... नाव बदललंय.”

“निरोप पोचतो?”

“पोचतो. ती धावत किनाऱ्यावर जाते.”

“चांगली पळते का?”

यास्नाने तिच्या रबरी बुटांकडे पाहिलं.

“नको पोचवूस,” एतेल्विना म्हणाली. “पोचवलास तर ती बाई दुसरीच कुणी होईल, सुखाची. मग तेहतीस वर्षं इथे बटाटे कुणी काढले?” तिने यास्नाच्या रेनकोटाचं वरचं बटण लावलं, आईसारखं. “आणि तू जातेयस म्हणून तोंड लांब करू नकोस. जाण्यात काही वाईट नाही. तोही गेलाच होता. पण गेला तरी विचारायचं ते त्याने विचारलं होतं... सगळ्यांसमोर.”

*

परतीच्या लाँचमध्ये दोघं मागच्या फळीवर बसले, मध्ये एक कोंबडी बसेल एवढी जागा सोडून.

“सोमवारी जाताय ना,” दामासो पाण्याकडे बघत म्हणाला.

“तुला आधीपासून माहीत होतं?”

“सगळ्या गावाला माहीत आहे.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू नाही बोललीस. मला वाटलं, सांगावंसं वाटलं असतं तर...” त्याने वाक्य तिथेच सोडलं.

यास्नाला तेव्हाच सगळं स्वच्छ दिसलं. गावाला माहीत होतं. मारिबेलला, ओदेतला, बेकरीवालीला, लाँचमधल्या बायकांना... ती जाणार हे माहीत होतं आणि ती का जाऊ इच्छित नाही हेही. सगळ्यांना वाटत होतं, त्या दोघांनी एकमेकांना सांगितलं असेलच.

आता सांग, तिने स्वतःला बजावलं. आत्ता. सभागृहात तीनशे जणांसमोर वाचलंस, इथे एकच जण आहे. तिने तोंड उघडलं. तेवढ्यात लाँच धक्क्याला लागली, दोर फेकला गेला, आणि धक्क्यावर आई छत्री घेऊन उभी होती – कपाटातले कपडे अजून भरायचेत, आणि ही बेटांवर हिंडतेय.

“येतो,” दामासो म्हणाला.

“हं,” यास्ना म्हणाली. नुसतं हं. 

*

रविवारी सकाळी तिने शेवटची सहा पानं फाडली आणि पुन्हा लिहिली. या वेळी नायिका धावली नाही. तिने बटाटे काढले, देवळात गेली, लोक हसले तेव्हा तीही हसली. यास्ना लिहिता लिहिता रडली आणि तरी लिहीत राहिली. शेवटची ओळ काही केल्या येईना, तेव्हा तिने वही मिटली, एक कोरी चिठ्ठी घेतली आणि रेनकोट चढवला.

रेडिओच्या खिडकीत ताता होते. दामासो आत माइक लावत होता.

“एकच्या वाचनात घ्यायची,” यास्ना त्यांच्या कानाशी म्हणाली. “त्याला आधी दाखवू नका.”

तातांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग ती गठ्ठ्याच्या मध्यभागी सरकवली, आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, “त्या वह्यांनी मी आता चूल पेटवत नाही. जुनं वर्तमानपत्र पेटतं की.”

एक वाजता घरात तिघंच होती. भिंती रिकाम्या, खोकी दारापाशी. फक्त रेडिओ अजून फळीवर होता. तो नेहमीच सगळ्यात शेवटी बांधतात. आई खोक्यावर बसून मफलरची घडी घालत होती. बाबा दोरीला गाठ मारत होते.

“...आलाओ बेटावरच्या ओयार्सून कुटुंबाला : आजीचा पाय बरा आहे, बुधवारी घरी सोडतायत. ऐकेल त्याने पोचवावा.” दामासोचा आवाज, नेहमीचाच. कागदाची सळसळ. “अचाओमधल्या...”

आवाज थांबला.

रेडिओवर इतकी शांतता यास्नाने कधी ऐकली नव्हती. बाबांनी गाठीवरून मान वर केली. “बंद पडला की काय?”

“...अचाओमधल्या दामासो चिगुआयला,” रेडिओ म्हणाला, आणि आवाज नेहमीच्या पट्टीतून घसरला. “मी उद्या जातेय. हे तुला गावाने सांगितलं असेल, मी सांगितलं नव्हतं. मला जायचं नव्हतं, त्याचं कारण कादंबरी नव्हती. तू... तू होतास. वीस डिसेंबरच्या लाँचने परत येईन. धक्क्यावर ये. घोडा नको. यास्ना.”

आईच्या हातातली घडी सुटली.

“ऐकेल त्याने पोचवावा,” दामासोने वाचलं. सगळं वाचलं, जसं लिहिलं होतं तसं. मग त्याने असं काही केलं, जे त्या रेडिओवर चाळीस वर्षांत कुणी केलं नव्हतं – न लिहिलेलं एक वाक्य बोलला.

“पोचला.”

आणि घसा खाकरून तो पुढच्या निरोपातल्या गाईकडे वळला.

यास्ना खिडकीशी गेली. बाहेर तोच पाऊस, तोच करडा रस्ता. पण समोरच्या घराचं दार उघडलं. शेजारचे म्हातारे कोळी गमबूट चढवून बाहेर पडले आणि रेडिओ केंद्राच्या दिशेने चालायला लागले. त्यांच्या मागून डोक्यावर शाल घेऊन बेकरीवाली. मग शाळेचा शिपाई. मग आणखी दोन बायका एका छत्रीत. निरोप त्यांनी ऐकला होता; दुसऱ्याने सांगितलं असेल, असं आज कुणी धरून चाललं नव्हतं.

पाव तासाने मारिबेल धापा टाकत दारात आली, नखशिखांत भिजलेली. “सांगितलं मी त्याला,” ती म्हणाली. “माझ्या आधी रांगेत नऊ जण होते. प्रत्येकाला तो ‘हो, कळलं’ म्हणतोय. तोंड बीटासारखं झालंय नुसतं. आणि हे तुला द्यायला सांगितलंय.”

तिने मूठ उघडली. तळहातावर ती लाकडाची ढलपी होती, खिशात राहून कडा गुळगुळीत झालेली. तिच्यावर लाल पेन्सिलीने दोन खुणा. म्हणजे, दोनदा वाचला.

यास्नाने ती मुठीत धरली. तिला हसायचं होतं, आणि रडू येत होतं. उद्या याच वेळी खिडकीबाहेर हा रस्ता नसणार होता.

“यास्ना,” बाबा म्हणाले. दोरी अजून त्यांच्या हातात होती. “हे काय होतं?”

ती वळली. आई बाबांकडे बघत होती, बाबा आईकडे. गेला महिनाभर या खोलीत तिने आदळआपट केली होती, दारं लावून घेतली होती. आज तिचा आवाज शांत होता.

“मी उद्या तुमच्याबरोबर येतेय,” ती म्हणाली. “भांडणार नाही. तिथल्या शाळेत जाईन, आणि पुस्तक तिथे बसून पुरं करीन. पण शाळेचं वर्ष संपलं की वीस डिसेंबरला मी परत येणार, आणि शाळेचं शेवटचं वर्ष इथेच करणार, ओर्फेलिना मावशीकडे राहून. मी विचारत नाहीये, बाबा, सांगतेय. आणि आता नाही म्हणून उपयोग नाही... सगळ्या बेटांनी ऐकलंय.”